सोरायसिसचे एकत्रित मलम: कसे लावावे, कधी थांबावे?

प्लाक सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी गरजेपेक्षा वेगाने तयार होतात. कोपर, गुडघे, पाठ, डोके अशा ठिकाणी लालसर, जाड चट्टे उठतात व त्यांवरून पांढरे पापुद्रे निघतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही.

यावर कॅल्सिपोट्रिऑल आणि बीटामेथासोन यांचे एकत्रित मलम दिले जाते. पहिले औषध ‘ड’ जीवनसत्त्वासारखे असून पेशींची वाढ मंदावते. दुसरे स्टेरॉइड आहे. ते सूज, लाली व खाज कमी करते.

कसे लावावे?

• दिवसातून एकदाच, फक्त चट्ट्यांवर लावा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते. ते बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.
• चेहरा, काख व जांघेत लावू नका. नंतर हात धुवा.
• त्याच वेळी सॅलिसिलिक ॲसिडचे मलम लावू नका. त्याने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होते.

कधी थांबावे?

अंगावरील चट्ट्यांसाठी हा उपचार साधारण 4 आठवड्यांचा असतो. चट्टा सपाट झाल्यावर उरणारा काळसर डाग म्हणजे आजार नव्हे. तो घालवण्यासाठी जुनी चिठ्ठी दाखवून मलम आणत राहू नका. त्वचा पातळ होते. दीर्घ वापरानंतर मलम एकदम सोडल्यास आजार उसळू शकतो. म्हणून पुढचे वेळापत्रक त्वचारोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. पुवाचे फोड आले किंवा सर्वांग लाल झाले, तर लगेच दाखवा.