समुपदेशकाकडे पाठवलं, म्हणजे झालं तरी काय?

‘उद्या जरा समुपदेशक मॅडमना भेटून जा,’ असा शाळेतून फोन आला की इगतपुरीजवळच्या घोटीतल्या घरात दोनच तर्क निघतात. पोराने काहीतरी दिवे लावलेत, नाहीतर त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. फोन नेमका कशासाठी आला, हे विचारायचं राहूनच जातं. महाराष्ट्रात 2012 च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मोकळी झाली. त्यांच्या माहितीपत्रकांत संगणक कक्ष आणि स्कूलबस यांच्या ओळीत आता ‘समुपदेशन’ही छापलेलं दिसतं. ते करणारी व्यक्ती दिवसभर काय करते, हे मात्र पालकांना ठाऊक नसतं. कधीकधी संस्थाचालकांनाही नसतं.

सगळ्यात जुना गैरसमज म्हणजे हा ‘वेड्यांचा डॉक्टर’ आहे. शाळेतला समुपदेशक मुळात डॉक्टरच नव्हे. तो गोळ्या देत नाही आणि आजाराचं निदानही करत नाही. औषधं देणारा तो मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यासाठी आधी वैद्यकीय पदवी लागते. कोणतं मूल पुढे नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात दाखवायला हवं, हे वेळेवर ओळखणं एवढाच समुपदेशकाचा त्या बाजूशी संबंध. समुपदेशकाच्या खोलीत येणारी बहुतेक मुलं साध्या कारणांनी आलेली असतात. जिवलग मैत्रिणीने बोलणं टाकलंय, मराठी शाळेतून आल्यावर इंग्रजीतलं विज्ञान डोक्यावरून जातंय, घरात रोज भांडणं आहेत.

दुसरा समज शिक्षकांचा. ‘हा वाह्यात झालाय, याला जरा समजावा.’ म्हणजे छडी गेली, तिच्या जागी समुपदेशक आला. इथे जरा थांबून बघू.

समजा, नववीतला एक मुलगा आहे. ऑगस्टपासून वर्गात मारामाऱ्या करतो, उलट उत्तरं देतो. समुपदेशक आधी त्याला बोलावत नाही, हजेरीपत्रक मागवतो. जूनमध्ये मुलगा रोज हजर. जुलैत दोन आठवडे सलग गैरहजेरी. त्यानंतर अधूनमधून एकेक दिवस, आणि वेळापत्रकाशी ताडून पाहिलं तर तो दिवस बहुतेकदा गणिताच्या चाचणीचाच. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात जुलै म्हणजे भाताची आवणी, रोपांची लावणी. पाऊस धो धो, मजूर मिळवताना शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात आणि घरची पोरं चिखलात उतरतात. मुलगा परत येईपर्यंत बीजगणित पुढे निघून गेलेलं असतं. फळ्यासमोर उभं राहून हसं करून घेण्यापेक्षा बाकावर दांडगाई करणं त्याला परवडतं. याला ‘चांगलं वागावं’ म्हणून समजावून काय होणार? त्याला हवेत मधल्या सुट्टीनंतरचे चार-सहा तास, सुटलेला धडा शिकवायला तयार असलेले गणिताचे सर, आणि पुढच्या वर्षी सलग पंधरा दिवसांऐवजी फक्त सुट्टीच्या दिवशी शेतावर नेणारे वडील. मुलाशी बोलायला एक तास पुरतो. सरांना आणि वडिलांना राजी करायला महिना जातो. समुपदेशकाचं निम्म्याहून जास्त काम मोठ्या माणसांशी असतं, आणि मला वाटतं, नेमकं हेच कुणी लक्षात घेत नाही.

‘आत बोललेलं सगळं गावभर होतं,’ ही मुलांची भीती. ‘आम्ही आई-बाप, आम्हाला सगळं कळलंच पाहिजे,’ हा पालकांचा हट्ट. चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत मुलाला सरळ सांगतो: इथलं वर्गात जाणार नाही. पण तुला कोणी इजा करत असेल, तू स्वतःला किंवा दुसऱ्याला करणार असशील, तर मला गप्प बसता येणार नाही. कायद्याचीही तीच आज्ञा आहे. पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल, आतल्या आत मिटवू’ म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. आवडता मुलगा, चोरून पाहिलेला सिनेमा, मामाशी झालेलं भांडण, हे मात्र मुलाचंच राहतं.

एक समज जिवावर बेतणारा आहे. मरणाचा विषय काढला तर मुलाच्या डोक्यात नको ते भरेल, असं बरीच शहाणी माणसंही मानतात. जागतिक आरोग्य संघटना याच्या उलट सांगते: सरळ, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट मूल मोकळं होऊ शकतं. दहावीच्या निकालाच्या सुमारास हे पालकांनीही विचारावं. रात्री-अपरात्री कोणी सापडलं नाही, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098.

करिअरबद्दलचा गैरसमज त्यामानाने सौम्य. चाचणी दिली की ‘सायन्स घ्या’ असा छापील कौल मिळतो, असं वाटतं. राज्य मंडळाने 2016 मध्ये दहावीसाठी कलचाचणी सुरू केली, तेव्हा तिच्यात कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. पण कल म्हणजे आवड, कुवत नव्हे, आणि घरची ऐपत तर नव्हेच. आयटीआय करून जवळच्या गोंदे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लागणं हा पर्याय कागदावर शोभून दिसत नाही, तरी एखाद्या मुलासाठी तोच सर्वांत नेटका असू शकतो.

राहता राहिलं ‘हे मोठ्या शहरांचे लाड आहेत’. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशक नेमण्याची अट आहे. नववी ते बारावीत 300 पेक्षा कमी मुलं असतील, तर पूर्वी तो अर्धवेळ चालायचा. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याही पुढे जाऊन, 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असा निर्देश दिला. संख्या कमी असेल, तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. यात घोटी आलं आणि मुंबईही आली.

‘पात्र’ या शब्दावर मात्र बरंच पाणी मुरतं. मराठीचा तास घेणाऱ्या प्रेमळ बाईंना दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन दारावर पाटी बदलणं, ही सोय झाली. मानसशास्त्राची पदवी किंवा समुपदेशनाची पदविका असलेली व्यक्ती नेमली, तरी तिच्या वाट्याला गैरहजर शिक्षकांचे तास, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन आणि परीक्षेचं पर्यवेक्षण येतं. सकाळी जिने मुलाचं गुपित ऐकलं, तीच दुपारी त्याची कॉपी पकडते. मग तो पुन्हा कशाला येईल? प्रवेश घेताना पालकांनी फीबरोबर एवढं विचारायला हरकत नाही: समुपदेशकाला आठवड्यात तास किती घ्यावे लागतात, मुलाला शिक्षकांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःहून जाता येतं का, आणि खोलीचं दार मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तर उघडत नाही ना.