मशीन चालू आहे, पण सेवा जिवंत आहे का?

क्लाउडच्या डॅशबोर्डवर तुमच्या व्हर्च्युअल मशीनसमोर हिरवा ठिपका दिसतोय, आणि तरी लोकांचे फोन येतायत की पान उघडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कशा, ते आज बघू. माझ्या पीएचडीचा विषय नेमका याच फटीत आहे.

आधी हा हिरवा ठिपका देतं कोण? बहुतेक वेळा हायपरवायझर, म्हणजे एका खऱ्या यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर. मशीनला मेमरी दिली, सीपीयू दिला, ते सुरू झालं, एवढंच त्याला ठाऊक. आत तुमचा प्रोग्राम काय करतोय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मग लोक म्हणतात, पोर्टला जोडून बघा. जोडणी झाली म्हणजे सेवा जिवंत. पण इथे एक गंमत आहे, जी पुष्कळांना माहीत नसते. टीसीपीची जोडणी स्वीकारण्याचं काम तुमचा प्रोग्राम करतच नाही, ते कर्नल करतं. प्रोग्राम पूर्ण अडकलेला असला तरी रांगेत जागा असेपर्यंत कर्नल येणाऱ्याला ‘या, बसा’ म्हणत राहतं. दुकानाचं शटर वर आहे, बाकड्यावर गिऱ्हाईक बसलंय, माल देणारा मात्र आत झोपलाय!

त्यापुढची पायरी म्हणजे प्रोग्रामलाच विचारायचं: एक खास पत्ता ठेवायचा, तिथून २०० हा कोड आला की ठीक. हे नक्कीच बरं. तरी ते उत्तर मेमरीतूनच दिलं जात असेल, तर डिस्क अडकलीय किंवा डेटाबेसच्या जोडण्या संपल्यात हे त्यात दिसणार नाही.

‘मग तपासणीतच डेटाबेसला एक क्वेरी मारू’ असं तुमच्या मनात आलं असेल. इथे जपून. समजा २० मशीन आहेत आणि डेटाबेस १० सेकंद मंदावला. विसाच्या वीस मशीन एकदम ‘मी आजारी’ म्हणतील आणि लोड बॅलन्सर सगळ्यांना बाजूला काढेल. छोटी अडचण होती, तिची पूर्ण बंद पडलेली सेवा झाली. म्हणूनच ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर सगळेच आजारी दिसले तर सगळ्यांकडे विनंत्या पाठवत राहतो. मला हा फार शहाणा निर्णय वाटतो: सगळेच एकदम मेले असं दिसत असेल, तर आधी तपासणाऱ्यावर शंका घ्या. कुबरनेटिसमध्ये तर दोन प्रश्नच वेगळे केलेत. लाइव्हनेस म्हणजे याला रिस्टार्ट करायचं का, आणि रेडिनेस म्हणजे याच्याकडे आत्ता काम पाठवायचं का. डेटाबेसची तपासणी पहिल्यात घातलीत, तर दोष दुसऱ्याचा आणि रिस्टार्ट मात्र तुमच्या मशीनचे.

व्हर्च्युअल मशीनचा आणखी एक खास त्रास आहे, तो म्हणजे वेळ. एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवताना मशीन थोडा वेळ थांबवलं जातं. शेजारच्या मशीननं सीपीयू खाल्ला तरी आपलं खोळंबतं. मशीनला स्वतःला हे बहुधा कळतही नाही. बाहेरच्याला वाटतं, ठोके थांबले, मेलं. तो दुसऱ्या मशीनला मुख्य करतो. तेवढ्यात पहिलं जागं होतं आणि अर्धवट राहिलेलं लिखाण पुढे चालू करतं. आता दोन मुख्य, आणि एकाच डेटावर दोघांची लेखणी. इथे सेवा बंद पडण्यापेक्षा मोठं नुकसान होतं, कारण बिघडलेला डेटा कित्येक दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. उपाय असा की प्रत्येक नव्या मुख्याला वाढता क्रमांक द्यायचा, आणि जुना क्रमांक घेऊन आलेलं लिखाण साठवणाऱ्यानंच नाकारायचं. टाइमआउट कितीही विचार करून ठरवला तरी तो या क्रमांकाची जागा घेऊ शकत नाही.

२०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांसह काही जणांनी हॉटओएस परिषदेत एक छोटा शोधनिबंध मांडला. विषय होता ‘ग्रे फेल्युअर’, म्हणजे धड बंदही नाही आणि धड चालूही नाही असा बिघाड. त्यांचं म्हणणं असं की या बिघाडाची खूण यंत्रात शोधू नका, दोन नजरांमधल्या फरकात शोधा. तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं, वापरणाऱ्याला दिसत नाही. २०१८ च्या ओएसडीआय परिषदेतल्या ‘पॅनोरामा’नं तोच धागा पुढे नेला. एखाद्या सेवेला रोज हाक मारणाऱ्या बाकीच्या प्रोग्रामना तिच्या चुका आणि टाइमआउट आधीच भेटत असतात, पण ते लॉगमध्ये एक ओळ टाकून मोकळे होतात. पॅनोरामा त्यांच्याकडून या साक्षी गोळा करतं.

तुमच्याकडे दोन-चारच मशीन असतील तरी हे जमतं. पुढच्या वेळी हिरवा ठिपका आणि तक्रारी एकत्र आल्या, तर मशीनवर टॉप ही कमांड चालवून ‘एसटी’चा आकडा बघा. मशीनला सीपीयू हवा होता, पण हायपरवायझरनं तो दुसरीकडे वळवला, अशा वेळेचं ते प्रमाण. मग हाक मारणाऱ्या बाजूचे लॉग उघडा. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याचे नंतर.