सिल्व्हर म्हणजे नेमकी कुठली सिल्व्हर?

चरा साधारण दीड वीत लांब. डाव्या बाजूच्या पुढच्या दारावर, हँडलच्या खाली, आडवा. सोसायटीच्या गेटचा खांब गेली पंधरा वर्षं तिथेच उभा आहे, त्यामुळे दोष त्याला देता येत नाही. गाडी बाबांची, २०१२ ची सिल्व्हर स्विफ्ट. चालवत होते मी. आणि बाबा घरात काळा चष्मा लावून बसले होते, कारण दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

खरी गोची इथेच होती. मोतीबिंदू वाढला की जग पिवळट दिसायला लागतं, वर चहा सांडल्यासारखं. महिनाभर आधी मी ते दार क्रीम कलरचं करून आणलं असतं तरी खपलं असतं. पण पट्टी निघाल्यावर बाबांचं पहिलं वाक्य होतं, "पडदे धुतलेस का गं?" पडदे चार महिने धुतले नव्हते! मग त्यांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. "या डोळ्याने पांढरे दिसतात, त्या डोळ्याने मळके," ते खूश होऊन म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला. धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे ते काही दिवस खाली पार्किंगमध्ये येणार नव्हते. तेवढाच माझा वेळ.

इन्शुरन्स? तो विचार पाच मिनिटांत बाद केला. क्लेम केला नाही तर नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेममध्ये धाडकन शून्यावर येतो. शिवाय पॉलिसीचे मेसेज बाबांच्या मोबाइलवर जातात. विषय संपला.

नख लावून बघा

गॅरेजला जाण्याआधी चऱ्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा फक्त सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअरमध्ये आहे. तो रबिंग-पॉलिशने जातो, रंगाची भानगडच नाही. नख अडकलं आणि आत राखाडी दिसलं तर प्रायमरपर्यंत मजल गेलीय. पत्रा दिसला तर पावसाळ्याच्या आत काहीतरी करा, नाहीतर गंज आपलं काम सुरू करतो. माझं नख अडकलं. जाम अडकलं.

फॅक्टरीत गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. आधी आख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साह्याने चढवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी क्लिअर. सगळे मिळून जाडी शंभर-दीडशे मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवल्यासारखी. एवढ्याशा जाडीसाठी माझी झोप उडाली होती.

'बॉडी कलर आहे मॅडम'

आधी शॉर्टकट मारला. दारांवर साइड बीडिंगच्या पट्ट्या लावायच्या आणि चरा खाली झाकून टाकायचा. बाबांना सांगायचं, तुमच्यासाठी गिफ्ट! काय आयडिया होती! अॅक्सेसरीजच्या दुकानात ट्यूबलाइटखाली पट्टी दाराला लावून पाहिली, सही मॅच. "बॉडी कलर आहे मॅडम, डोळे झाकून घ्या." घेतली. घरी उन्हात धरली तर पट्टी निळसर आणि गाडी करडी. चरा परवडला असता.

याचं कारण नंतर कळलं. दोन रंग वेगवेगळी द्रव्यं घालून बनवले असतील तर ते एका उजेडात जुळे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात अनोळखी. म्हणून रंग जुळवायचा तो बाहेर उन्हात, आणि तिन्ही बाजूंनी बघून. शिवाय पट्टी होती कोरी आणि गाडीने बारा-तेरा उन्हाळे अंगावर घेतलेले. बंपर, आरसे, स्पॉयलर, हँडल असल्या प्लॅस्टिकच्या भागांचा आणखी एक घोळ असतो. बॉडी भट्टीत १४० डिग्रीच्या आसपास भाजतात. प्लॅस्टिक तेवढ्यात वाकेल, म्हणून ते सहसा वेगळं, कमी तापमानावर रंगवतात. एकाच कोडचा रंग, पण वेगळा पाया आणि वेगळी भट्टी. अगदी शोरूममधल्या गाडीचा बंपर कधीतरी उन्हात न्याहाळून बघा.

मग कोड शोधला. हा कोड गाडीवरच एका पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो. कुठे बॉनेटखाली, कुठे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, फोक्सवॅगन-स्कोडात बहुतेक डिकीत स्टेपनीच्या खळग्यात. आमचा निघाला झेड२एस, सिल्की सिल्व्हर. मला वाटलं, झालं! नंबर मिळाला, आता डबा घ्यायचा.

पेठेत नुसत्या कोडवर भागत नाही

नाना पेठेत रंग मिसळून देणाऱ्या दुकानात मी ऐटीत कोड सांगितला. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "कोणता झेड२एस?" त्याच्या कॉम्प्युटरवर एकाच कोडखाली अनेक भावंडं होती. एक जरा गडद, एक निळसर, एकाची चमक जाडी. वेगवेगळ्या वेळी बनलेल्या रंगांत उन्नीस-बीस होतंच. त्यात ऊन, पाऊस, सोसायटीतल्या वॉचमनचं फडकं. "सॅम्पल आणा. पेट्रोलचं झाकण काढून आणा."

हा फंडा मला फारच आवडला. टाकीवरचं बाहेरचं झाकण सुटं होतं, आणि त्यानेही बाकी गाडीइतकंच ऊन खाल्लेलं असतं. दुसऱ्या दिवशी झाकण नेलं. त्याने आधी ते पॉलिश केलं, कारण मळलेल्या रंगाशी जुळवलं तर मळका रंगच तयार होतो. मग हातातलं मशीन त्यावर टेकवलं. ते ठरावीक प्रकाश टाकून वेगवेगळ्या कोनांतून रंग मोजतं आणि जवळचा फॉर्म्युला सुचवतं. सोन्याच्या दुकानात असतो तसा काटा, त्यावर एकेक रंग थेंबाथेंबाने. तयार झाल्यावर त्याने तो कार्डावर मारला, वाळवला, वरून क्लिअर दिला आणि कार्ड-झाकण घेऊन मला फुटपाथवर उभं केलं. समोरून बरोबर. तिरकं धरलं तर कार्ड काळवंडलं. परत आत. पांढऱ्याचे दोन थेंब. तिसऱ्या कार्डाला दोघांचंही एकमत झालं.

सिल्व्हर ही सगळ्यात छळवादी, हे त्यानेच सांगितलं. त्यात अॅल्युमिनियमचे बारीक चकतीसारखे कण असतात. ते कसे पडतात त्यावर रंग ठरतो. गन जवळ धरून ओला कोट मारला की कण विस्कटतात, रंग गडद. लांबून कोरडा मारला की फिकट. डबा तोच, हात वेगळा, की सिल्व्हर वेगळी. म्हणून ब्रश असलेलं टचअप पेन खडीने उडालेल्या टिकलीएवढ्या जागेला ठीक. दीड वीत चऱ्यावर ते फिरवलंत तर चऱ्याच्या जागी चरा आणि ठिगळ दोन्ही मिळेल.

आणि गॅरेजमध्ये बॉम्ब

डेंटिंग-पेंटिंगवाले काका बोलायला कमी. त्यांनी गाडी उन्हात लावली, गुडघ्यावर बसले आणि बाजूने डोळा लावून पाहिलं. मग पुढच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केली. मागच्या दारावर टकटक केली. तिथे आवाज बद्द आला.

"ताई, हे मागचं दार आधी रंगवलंय. आत पुट्टी आहे."

शक्यच नाही, मी म्हटलं. गाडी पहिल्यापासून आमचीच. त्यांनी काही न बोलता दाराच्या रबराची कड उचलून दाखवली. रबरावर सिल्व्हरचे बारीक तुषार. मास्किंग टेप नीट न लावल्याची सही.

बाबा. ज्यांनी मला गाडी शिकवताना आरशात बघण्यावर तीन रविवार लेक्चर दिलं, ते बाबा! केव्हा आणि कुठे, देव जाणे. घरात या विषयावर कधी चकार शब्द निघालेला नाही.

आता काकांचा प्रश्न होता, जुळवायचं कशाशी? फक्त चऱ्यावर रंग मारून सिल्व्हर लपत नाही. रंग कडेकडेने विरळ करत शेजारच्या पॅनेलवर नेतात आणि मग क्लिअर आख्ख्या पॅनेलवर मारतात, म्हणजे डोळ्याला कुठे सीमा सापडत नाही. इकडे पुढच्या बाजूला कंपनीचा रंग, तिकडे मागे बाबांचं गुपित. मधल्या दारावर दोन्हींकडे बघून हसणारी सिल्व्हर मारता येत नाही. एकतर मागचं दार तसंच ठेवून फरक सोसायचा, नाहीतर दोन्ही दारं झाकणाशी जुळवलेल्या रंगात करायची.

मी दोन्ही दारं सांगितली. त्या महिन्याचं फ्रीलान्सचं एक आख्खं मानधन त्यात गेलं. बीडिंगही त्याच रंगात रंगवून घेतलं, आता टाकून काय द्यायचं! गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंग धरत नाही, म्हणून आधी पेपर मारून, खास प्लॅस्टिकचा प्रायमर देऊन. एक सूचना मात्र काकांनी दोनदा दिली, महिनाभर वॅक्स-पॉलिश नको. फॅक्टरीसारखी १४० ची भट्टी गॅरेजला नसते. तिथे ६० डिग्री किंवा नुसती हवा, त्यामुळे रंग आतून घट्ट व्हायला वेळ घेतो.

गाडी आणली त्या संध्याकाळी पार्किंगच्या दिव्याखाली मी दहा वेळा बघितलं. सकाळी उन्हात पुन्हा बघितलं. मला काही सापडलं नाही.

रविवारी बाबा खाली उतरले, मागे आई, पिशवी घेऊन. भाजीला जायचं होतं. बाबांनी गाडीला फेरी मारली. बीडिंगवरून हात फिरवला. "छान आहे." पुढच्या दाराशी थांबले, पुढे गेले. मी श्वास सोडला. मग ते परत फिरले, मागच्या दारासमोर उभे राहिले, एक डोळा झाकला, मग दुसरा.

"हे कधी जुळलं?" ते म्हणाले.

आईने पिशवी खाली ठेवली. "जुळलं म्हणजे? मागच्या दाराला काय झालं होतं?"