अ‍ॅस्पिरिन घेताना मिलीग्रॅमचा हिशेब ठेवा

हरणी (वडोदरा) : डोके दुखले की मेडिकलवरून डिस्प्रिन आणायची, पाण्यात विरघळवून प्यायची आणि कामाला लागायचे. हरणी असो की नवापूर-नंदुरबार, सवय सारखीच. त्याच घरात आजोबांच्या डबीत हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली इकोस्प्रिनही असते. नावे वेगळी, पण दोन्हींत औषध एकच, अ‍ॅस्पिरिन. घोळ इथेच होतो.

इकोस्प्रिन सहसा ७५ किंवा १५० मिलीग्रॅमची असते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती रोज घेतात, डोकेदुखीसाठी नव्हे. दुखण्यावरची विरघळणारी गोळी साधारण ३२५ ते ३५० मिलीग्रॅमची, म्हणजे ७५ च्या चौपटीहून जास्त. म्हणून रोजची इकोस्प्रिन चालू असेल तर वरून डिस्प्रिन स्वतःहून घेऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावे.

बाकी प्रौढांनी एका वेळी एक, फार तर दोन गोळ्या घ्याव्यात, त्याही काहीतरी खाऊन. पुढचा डोस चार ते सहा तासांनी. चोवीस तासांत ४००० मिलीग्रॅम ही कमाल मर्यादा; ३५० च्या अकरा गोळ्यांत ती जवळपास गाठली जाते. अर्थात, एवढ्या गोळ्या लागत असतील तर दुखणे दवाखान्यात दाखवायचे आहे. ताप तीन दिवसांत उतरला नाही तरी तेच.

पोटात अल्सर, वेदनाशामकाने बळावणारा दमा, मूत्रपिंडाचा विकार, वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर अ‍ॅस्पिरिन परस्पर घेऊ नये. दारूसोबत तर नाहीच. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक जोडीला घेतल्यास पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. सोळा वर्षांखालील मुलांना ताप असताना ती अजिबात देऊ नये. रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवरचा गंभीर आजार होऊ शकतो.

पावसाळ्यात विश्वामित्रीकाठच्या या शहरात डास वाढतात, तेव्हाच्या तापाचे वेगळे बघावे लागते. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट्स आधीच कमी होतात. अ‍ॅस्पिरिन उरलेल्या प्लेटलेट्सनाही निकामी करते, आणि एका गोळीचा हा परिणाम आठवडाभर टिकू शकतो. म्हणून डेंग्यूची शंका असेल तर पॅरासिटामॉलच, तेही मापात, आणि रक्ततपासणी करून घ्यावी.

कानात सतत आवाज येणे, धाप लागणे, उलट्या, गुंगी ही जास्त डोसची लक्षणे. काळी शौच हे आतल्या रक्तस्रावाचे. अशा वेळी १०८ ला फोन करावा, हा नंबर गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो. जाताना गोळीची पट्टी सोबत न्यावी.