लांब मानेचा व्हॉल्व्ह

2021 चा मे महिना. निपाणीचे माझे काका बेळगावच्या एका दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. आत सोडत नव्हते, म्हणून मी आणि चुलतभाऊ मागच्या आवारात, द्रवरूप ऑक्सिजनच्या पांढऱ्या टाकीसमोर झाडाखाली बसून असायचो. एका दुपारी टँकर आला, पाइप जोडला आणि टाकीखालून पांढरा धूर पसरायला लागला. पोटात गोळाच आला. 21 एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती होऊन ऑक्सिजनचा दाब उतरला आणि 22 रुग्ण दगावले होते. ते व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिले होते.

आमच्यासमोरचा धूर म्हणजे गार पाइपाभोवती गोठलेलं हवेतलं बाष्प होतं. टँकर भरणा करून गेलाही. पण तेवढ्या वेळात एका व्हॉल्व्हवर नजर गेली. खाली बोटभर बर्फ, आणि वीतभर लांब मानेच्या टोकावरचं चाक मात्र कोरडं ठाक. मी बीई मेकॅनिकल, पण नोकरी पहिल्यापासून सॉफ्टवेअरची; शिकलेलं काही आठवेना. रात्री उद्यमबागेत मशीनशॉप असलेल्या मावसभावाला फोन लावला.

"त्या मानेतच तर सगळं आहे की," दादा म्हणाला.

द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशांवर उकळतो. व्हॉल्व्हचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे गळती रोखणारं पॅकिंग असतं. ते गोठलं की कडक होतं, दांडा अडकतो, गळती सुरू होते. म्हणून पॅकिंग लांब नळीच्या वरच्या टोकाला नेतात. नळीत चढलेल्या द्रवाची वाफ होते आणि ती तिथेच कोंडून राहते. वायू उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे खाली बर्फ असला तरी वर पॅकिंग कोमट राहतं. अट एकच, मान उभी हवी. आडवी बसवली तर द्रव थेट पॅकिंगपर्यंत पोचतो.

आपल्या बेळगावच्या फौंड्र्या बिडाच्या कास्टिंगसाठी नावाजलेल्या, पण इथे बीड चालत नाही. इतक्या थंडीत ते काचेसारखं तडकतं. निकेल असलेलं स्टेनलेस स्टील मात्र चिवट राहतं.

बॉल व्हॉल्व्हची गंमत वेगळीच. तो बंद केला की थोडा द्रव गोळ्याच्या पोटात अडकतो. बाहेरच्या उष्णतेने त्याचा वायू होऊ लागतो, आणि ऑक्सिजनच्या बाबतीत तो मोकळा सुटला तर साधारण 860 पट जागा मागतो. जागा नसली की व्हॉल्व्ह फुटतो. उपाय काय, तर गोळ्याला टाकीच्या बाजूने एक बारीक भोक. त्यामुळे असा व्हॉल्व्ह एकाच दिशेने बसवायचा असतो. अंगावर बाण ओतलेला असतो तो त्यासाठी.

सगळ्यात नाजूक भाग सील. उणे 196 अंशांपर्यंत गार केली तर 100 मिमीची टेफ्लॉनची कडी सुमारे 2 मिमी आकसते, स्टील जेमतेम 0.3 मिमी. ही तफावत धरूनच माप काढावं लागतं. त्याच वर्षी 12 ऑगस्टला इस्रोचं जीएसएलव्ही-एफ10 उपग्रहासह गेलं. चौकशीत निघालं की द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीचा दाब राखणाऱ्या व्हॉल्व्हचं मऊ सील खराब होऊन गळती झाली होती. बातमी वाचून मी दादाला पाठवली. त्याचं उत्तर दोन शब्दांचं: "सीलच की."

म्हणून चांगला व्हॉल्व्ह बाहेर पडण्याआधी उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात आणि आत दाबाने हेलियम सोडतात. त्या थंडीतही हेलियम वायूच राहतो आणि बारीकात बारीक फटीतून निसटतो.

काका अठराव्या दिवशी घरी आले. यंदा गणपतीत त्यांना घेऊन दादाच्या शॉपमध्ये गेलो. टेबलावर धुऊन ठेवलेल्या माना पिशवीत भरायचं काम चालू होतं. काकांनी एक उचलायला हात पुढे केला.

"काका, हात नको," दादा घाईने म्हणाला. "ऑक्सिजनचं काम आहे. बोटाचं तेल लागलं तरी पेट घ्यायची भीती."

काकांनी हात मागे घेतला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि वाकून बराच वेळ बघत राहिले.