गहाण, खरेदी आणि घर परत मिळण्याचा हक्क

शिरूर तालुक्यातील करडे या गावी डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने १५० रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे राहते घर पाडून टाकले. गावाने सावकारावर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे उठाव झाला. राहूपासून शिरूरपर्यंत भीमेच्या दोन्ही तीरांवरील या टापूत घर परत मिळण्याचा प्रश्न असा जुना आहे.

घर गेलेल्या माणसाची ते परत मिळविण्याची इच्छा स्वाभाविक होय. परंतु इच्छा म्हणजे हक्क नव्हे. ‘गहाण’ या शब्दात वस्तू सोडविण्याची अपेक्षा अंतर्भूत आहे, तर ‘खरेदी’ या शब्दाने ती संपते. या दोहोंच्या सीमेवर ‘मुदत खरेदी’ उभी आहे: स्वरूप विक्रीचे, हेतू तारणाचा. म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचे काम न्यायालयांवर सोपविले. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील १९२९ च्या दुरुस्तीनुसार मात्र परतीची अट त्याच दस्तऐवजात नसेल, तर तो व्यवहार गहाण ठरत नाही. ‘पैसे आल्यावर घर परत देईन’ या तोंडी शब्दावर विसंबणाऱ्याची बाजू येथेच लंगडी पडते.

लिलावात घर घेणाऱ्यानेही विक्री कोणत्या मार्गाने झाली हे प्रथम पाहिले पाहिजे. दिवाणी न्यायालयाच्या लिलावानंतर साठ दिवसांच्या आत मूळ मालकाने जाहीरनाम्यातील येणे रक्कम आणि खरेदीदारासाठी किमतीच्या पाच टक्के रक्कम भरल्यास विक्री रद्द होऊ शकते. बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये केलेल्या विक्रीत क्रम उलटा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वीच संपूर्ण येणे भरावे लागते. अवैध सावकारीत गेलेली मालमत्ता पंधरा वर्षांच्या आतील व्यवहाराची असल्यास, ती परत करविण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने जिल्हा निबंधकास दिला आहे.

तात्पर्य, खरेदीदाराची सुरक्षितता आणि मालकाची आशा या दोहोंचा निर्णय दस्तऐवजातील शब्द आणि मुदत करतात. विक्रीनंतर घर परत देण्याचे उभयतांनी ठरविलेच, तर तो करार लेखी व नोंदणीकृत असावा; त्यात किंमत व मुदत स्पष्ट असावी. करड्याचे घर पाडले गेले तेव्हा मालकाच्या हाती असे कोणतेच साधन नव्हते.