पत्र्याखालचा उन्हाळा

वडगाव निंबाळकरच्या परिसरात, बारामती तालुक्यातल्या गावांत, जुनी घरं माळवदाची असत. लाकडी तुळया, त्यांवर किलच्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती दिवसभराचं ऊन सावकाश पिते, म्हणून भर दुपारीही खोली गार राहते. माळवद गळू लागलं तसा अनेकांनी पत्रा चढवला. पत्रा पातळ असतो, झटकन तापतो आणि सगळी धग खाली सोडतो. त्याचा त्रास म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना सर्वाधिक.

उपाय अवघड नाहीत. घराला स्लॅब असेल, तर त्यावर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात द्यावेत. पत्र्याला मात्र चुना नको, जस्ताचा मुलामा खराब होतो. त्याला ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून छत बसवावं आणि तिथली गरम हवा निघायला झरोके ठेवावेत. उसाचं पाचट मुबलक असलं, तरी गारव्यासाठी ते छपरावर पसरू नये. एक ठिणगी पुरेशी असते.

तेलंगणाने तर २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी धोरणच आणलं. तुमचं माळवद अजून शाबूत असेल, तर ते उतरवण्याआधी पावसाळ्यापूर्वी एकदा नवी माती टाकून पाहा.